ईमेलची पोच

सुनेचा बायोडाटा पाठवायला मी गेले, कारण दुसरं कोणी जायला नव्हतं. सून सकाळी साडेसातला कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी सातला घरी यायची. रविवारी ती घरी असायची, पण पनवेलला तहसील कचेरीजवळची टायपिंगची दुकानं रविवारी बंद असतात. नात पाचवीत. राहिले मी. माझं शिक्षण चौथी. मराठी वाचता येतं, आकडे कळतात, सही करते. तेवढ्यावर गेले.

मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. उरण रोडला त्याची बाईक ट्रेलरखाली आली. त्याबद्दल इथे जास्त लिहायचं नाही. तेव्हापासून घरात मी, सून आणि नात. सून तळोज्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. ठेकेदाराच्या माणसांत, कायम नव्हे. दिवाळीनंतर ठेकेदाराने सांगितलं की लाइन दुसरीकडे हलणार आहे, अजून दोन महिने काम मिळेल, पुढचं ज्याचं त्याने बघावं.

सुनेचा भाऊ उलव्याला राहतो. त्याने लगेच फोन केला, ताई, काम सुटलं की इकडे ये, पोरीला इथल्या शाळेत घालू. त्याचं काही चुकलं नाही. त्याच दिवशी भाजी निवडता निवडता सून मला म्हणाली, "आई, दुसरी नोकरी लागली तर मी हितंच रातंय. नाय लागली तर भावाकडं जावं लागंल. नुसती बसून मी नाय राहू शकत."

मी म्हटलं, "ठीक हाय."

दुसरं काय म्हणणार? मी एकाहत्तर वर्षांची. उजवा गुडघा गेलेला. ती गेली तर मी घरात एकटी. मी रडले वगैरे नाही. गॅसचं सिलिंडर कोण लावणार आणि दुखणं आलं तर दार कोण उघडणार, एवढंच डोक्यात आलं. आणि नातीचा आवाज घरात नसेल हेही आलं. खोटं कशाला बोलू?

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली होती. विमानतळाच्या बाजूला जेवण पॅक करणारी कंपनी उघडली होती. पॅकिंगचा अनुभव असलेल्या बायका पाहिजेत, स्थानिकांना आधी घेऊ, बायोडाटा फक्त ईमेलने पाठवावा. सून दोन रविवार फोनवर बायोडाटा बनवत बसली. रकाने एका बाजूला पळायचे, फोटो पालथा पडायचा. शेवटी तिने सगळं वहीच्या कागदावर लिहून माझ्या हातात दिलं. त्यातच तिचा ईमेल, पासवर्ड आणि कंपनीचा पत्ता लिहिला.

दुकानात एक मुलगी बसलेली. प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, पॅनकार्ड, सगळं तीच करते. माझ्या आधी चार माणसं. मी स्टुलावर बसून राहिले. नंबर आला तेव्हा तिने ईमेल उघडायला घेतला आणि थांबली.

"आजी, ओटीपी गेलाय. यांच्या फोनवर."

"फोन तिच्याकडं हाय."

"मग त्यांना कॉल करून विचारा ना."

"तिचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो. सुटेपर्यंत मिळत नाय."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मागचा माणूस म्हणाला, "मावशी, लवकर करा, मला कोर्टात जायचंय." मी म्हटलं, "जा की मग." मुलगी हसली. तिने नवा ईमेल उघडायचं ठरवलं, माझ्या नंबरावर. माझा फोन बटणांचा. त्यावर आलेले सहा आकडे मी एकेक करून तिला वाचून दाखवले. दोनदा चुकले, कारण तोपर्यंत वेळ संपायची. तिसऱ्यांदा जमलं.

मग बायोडाटा. सुनेचं नाव, बारावी पास, नऊ वर्षं पॅकिंग. त्याच्यावर मुलीने इंग्रजीत चार ओळी टाकल्या. मी विचारलं, हे काय?

"ऑब्जेक्टिव्ह, आजी. सगळ्यांच्यात असतं."

"मराठीत सांग."

"म्हणजे, मला अशा संस्थेत काम करायचंय जिथे माझ्या कौशल्यांचा वापर होऊन संस्थेची आणि माझी प्रगती होईल."

"तिला आठ ते पाच काम आणि जायला-यायला बस पायजे. ते लिव."

"असं नाही लिहीत, आजी. रिजेक्ट होईल."

पुढे छंद. मुलीने विचारायच्या आधीच वाचन आणि संगीत लिहून टाकलं होतं. सुनेने लग्नानंतर एक पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नाही, उघडणार तरी कधी? पण मुलगी म्हणाली की रिकामं सोडलं तर वाईट दिसतं. राहू दे म्हटलं.

"कॉन्टॅक्ट नंबर कुठला टाकू? दिवसा कोण उचलेल?"

"मीच."

असा माझा नंबर गेला.

तिने बटण दाबलं आणि म्हणाली, झालं, गेला. मी विचारलं, "पोच?"

"कसली पोच?"

आता हे तिला कसं सांगावं? आमच्या बऱ्याचशा जमिनी नव्या शहरासाठी गेल्या त्याला चाळीस वर्षं होत आली. नुकसानीचा अर्ज, वाढीव मोबदल्याचा अर्ज, भूखंडाचा अर्ज, माझ्या नवऱ्याचं अर्धं आयुष्य कचेऱ्यांत गेलं. पहिल्या दोन वेळा त्याने अर्ज नुसते टेबलावर ठेवले आणि घरी आला. साहेब बदलला, आणि नवीन साहेब म्हणाला, असा काही अर्ज इथे नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरायची नाही. नवरा गेला, पण त्याच्या पोचा अजून पिशवीत आहेत.

"ईमेलला पोच नसते, आजी. हे बघा, सेंटमध्ये दिसतंय."

"मला कागदावर दे."

तिने सुस्कारा टाकला आणि स्क्रीनवर जे होतं ते छापून दिलं. कोणाला पाठवला, तारीख, वेळ, सोबत काय जोडलं. मी म्हटलं, शिक्का मार. तिने दुकानाचा गोल शिक्का मारला. मी घडी घालून पिशवीत ठेवलं.

त्या संध्याकाळी सुनेने तो ईमेल स्वतःच्या फोनवर उघडला. ओटीपी माझ्या फोनवर आला, तो मी वाचून दाखवला. मग आम्ही वाट बघायला लागलो.

आता दुसरा नियम सांगते, कारण सगळी गडबड त्यानेच झाली. विमानतळाचं काम सुरू झालं तेव्हापासून आमच्या गावांतल्या प्रत्येक फोनवर दलालांचे फोन येतात. सकाळी भाकऱ्या थापताना येतात, दुपारी पाठ टेकली की येतात. प्लॉट द्यायचा का, सातबारा कोणाच्या नावावर, प्रकल्पग्रस्त दाखला आहे का, कागद घेऊन या, नुसते बघू. माझ्या दिराने असेच नुसते बघायला कागद दिले होते. त्याचे पोरगे अजून कोर्टात जातात. म्हणून आमच्याकडे ठरलेलं आहे. अनोळखी माणसाने घरच्या कोणाचं नाव घेतलं की सांगायचं, इथं असं कोणी राहत नाही, आणि फोन ठेवायचा. वाद घालायचा नाही. वाद घातला की ते पुन्हा करतात.

मंगळवारी दुपारी मी सुका जवळा निवडत होते. फोन वाजला. बाईचा आवाज. आधी इंग्रजीत भरभर काहीतरी म्हणाली, मग सुनेचं पूर्ण नाव घेतलं.

"त्याच बोलताय का?"

"कोण पायजे?"

"त्यांच्या घरचा नंबर आहे ना? तुम्ही लोकलच ना? प्रकल्पग्रस्त दाखला आहे का त्यांच्या नावावर? ओरिजिनल कागदपत्रं घेऊन गुरुवारी यायचं होतं..."

"हितं त्या नावाची कोनी नाय. आमाला काय द्यायचं नाय. परत फोन करू नको."

ठेवला. अर्ध्या तासाने तोच नंबर पुन्हा आला. उचलून कापला. दलालांनी हल्ली फोनला मुली ठेवल्या आहेत, त्या गोड बोलतात. मला बरं वाटलं होतं, लपवू कशाला? आणखी एकीला परत पाठवली, असंच वाटलं. जवळा निवडून झाला, मी तो डब्यात भरला.

शुक्रवारी सून घरी आली, हातपाय धुतले, आणि फोन बघता बघता उभीच राहिली. ईमेल होता. इंग्रजी होता, ती हळूहळू वाचत होती. मग म्हणाली, "आई, कंपनीचा फोन आलता?"

"नाय."

"यांनी दोनदा केला म्हनतात. घरच्यांनी सांगितलं अशी बाई हितं राहतच नाय. म्हनून अर्ज बंद केलाय."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं.

"ती दलाल होती," मी म्हटलं.

"ती दलाल नव्हती."

"कागद मागत होती. दाखला मागत होती."

"नोकरीला दाखला लागतो, आई. स्थानिकांना आधी घेनार ना. माझं नाव घेतलंन तरी तुमी नाय म्हटलं?"

"नाव तर दलाल पन घेतात. तो गेल्यापासून सातबाऱ्यावर तुझं नाव लागलंय. सगळ्यांना पाठ हाय."

तिने कुकर लावला. ओरडली असती तर मी पण ओरडले असते आणि विषय संपला असता. जेवणं झाल्यावर तिने भावाला फोन केला, माझ्यासमोरच. तो म्हणाला असणार की खोली रिकामी करतो, कारण ती म्हणाली, "पेटी नको हलवू, पेटी राहू दे, जागा होईल." नात माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, अभ्यास कर.

सोमवारी सून बसला गेली आणि मी पिशवी उचलली. पत्ता लिहिलेला तो वहीचा कागद, बायोडाटाची प्रत, पोच. दोन रिक्षा बदलून त्या कंपनीच्या गेटवर पोचले. तिकडे सगळीकडे खोदलेलं, गेट कुठलं तेच कळत नाही. वॉचमन आमच्याच बाजूच्या गावचा निघाला, बोलण्यावरून कळलं.

"आजी, ऑनलाइन अर्ज करा. हितं कोनाला आत सोडत नाय."

"केलाय. ही पोच."

त्याने कागद बघितला, शिक्का बघितला आणि हसायला लागला. "ईमेलला शिक्का! आजी, हे कोनी दिलंनी तुमाला?"

"घेतला मी. हसू नको. आत कळव."

त्याने कळवलं. निरोप आला, भरतीच्या मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मी पत्र्याच्या सावलीत बसले. अकरा वाजल्यापासून पावणेदोनपर्यंत बसले. गुडघा आखडला. वॉचमनने पाणी दिलं, अर्धा समोसा देत होता, मी नको म्हटलं. मग मॅडम जेवायला बाहेर आल्या. माझ्या सुनेपेक्षा लहान, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. मी उठले, उठायला वेळ लागला, त्या थांबल्या.

मी जे झालं ते सांगितलं. मी म्हटलं, "फोन मी उचलला होता. ती राहते आमच्याकडे, माझी सून हाय. मी तुमाला दलाल समजले. चूक माझी, तिची नाय."

"दलाल? मी नाव सांगितलं होतं कंपनीचं."

"इंग्रजीत सांगितलंत. मला नाय कळलं."

त्यांना पटत नव्हतं. बाहेरगावच्या होत्या, कुठल्या ते मी विचारलं नाही. तेव्हा वॉचमन मधे बोलला. "मॅडम, हिकडं सगळ्यांना तेच फोन येतात. दाखला हाय का, कागद आना. माझी आय तर शिव्या घालते. तुमी तसंच इचारलं असनार."

मॅडमनी वॉचमनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणून हे असं होतंय. माझ्या यादीतल्या सात-आठ जणींच्या घरून हेच उत्तर आलं. मी वरती कळवून बसले की इथल्या लोकांना नोकरी नकोच आहे."

"नको कशाला असंल?" मी म्हटलं. "हा बायोडाटा घ्या."

"हातात नाही घेता येत, आजी. त्यांचा अर्ज सिस्टीममध्ये बंद झालाय. पुन्हा मेल करावा लागेल."

"तुमी समोर हायत. कागद समोर हाय."

"हो, पण मेलच करावा लागेल." त्यांनाही ते विचित्र वाटलं असावं, कारण त्या जरा ओशाळल्या. पुढे म्हणाल्या, "केल्यावर मी बघते. नक्की काही सांगत नाही."

मला वाद घालायची ताकद नव्हती. मी परत पनवेलला आले, तहसील कचेरीजवळ, त्याच दुकानात, त्याच स्टुलावर. मुलगी म्हणाली, "आजी, पुन्हा?" मी म्हटलं, पुन्हा. आणि सांगितलं की नंबराच्या खाली एक ओळ टाक. या नंबरावर सासू बोलेल, कृपया आधी कंपनीचं नाव मराठीत सांगावं.

"आजी, असं बायोडाटात कोणी लिहीत नाही."

"वाचन आणि संगीत काढ, त्या जागी लिव."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, मला वाचून दाखवलं. पाठवलं. मी काही बोलायच्या आधीच तिने पोच छापली आणि शिक्का मारला.

त्यानंतर मी प्रत्येक फोन उचलला. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. हो, तिचंच घर, हो, मी सासू, बोला. दलालांना एवढं पुरतं. एकदा हो म्हटलं की ते सोडत नाहीत. एक जण तर रोज दुपारी दोनला करायला लागला, आजी जेवलात का विचारायचा. दुसरा म्हणाला घरी येतो, आणि खरंच आला. त्याला दारातून परत पाठवताना माझा घसा बसला. बारा दिवस असे गेले. फोन वाजला की हातातलं टाकून उठायची, आणि उचलल्यावर कंटाळा यायचा. सून रोज संध्याकाळी फक्त माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवायची. तिने कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली होती.

तेराव्या दिवशी मी नळावर होते. नातीने फोन आणून दिला.

"आजी, मी जेवणाच्या कंपनीतून बोलतेय, विमानतळाजवळच्या. गेटवर भेटलो होतो आपण. आधी कंपनी सांगितली, बरोबर ना?"

"बरोबर."

"बुधवारी सकाळी दहाला मुलाखत. त्यांना पाठवा. ओरिजिनल कागद—" त्या थांबल्या. "नोकरीसाठी, आजी. बघून लगेच परत देणार."

"थांबा," मी म्हटलं. मी हात पुसले, नातीची पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरच्या मागे लिहिलं. बुधवार, दहा, दाखला, बारावीचा कागद, दोन फोटो. मग त्यांना वाचून दाखवलं. त्या बरोबर म्हणाल्या.

बुधवारी सुनेने खाडा केला आणि गेली. कागद देताना मी तिला एकच गोष्ट सांगितली, झेरॉक्स दे, मूळ प्रत हातातून सोडू नको. ती म्हणाली, "आई, पुरे." मुलाखतीत तिला बायोडाटातल्या त्या ओळीबद्दल विचारलं म्हणे. सासू खरंच बोलते का फोनवर? ती म्हणाली, बोलते, तिलाच तर सगळे घाबरतात. तिथले लोक हसले. आठवड्याने ईमेल आला. यावेळी ती वाचताना उभी राहिली नाही, बसली. नोकरी मिळाली होती. सहा महिने बघून मग कायम करणार, म्हणजे तेही पक्कं नव्हेच. पण तिने भावाला फोन केला आणि सांगितलं, खोली राहू दे. बॅग पुन्हा कपाटावर गेली. मी ती चढवायला स्टूल धरलं. रात्रीच्या भाताला तिने पाणी जास्त घातलं, मी तसाच खाल्ला.

आता कामाला लागून चार महिने झाले. बस गावाच्या नाक्यावर येते, साडेसातला नाही, सव्वासहाला. कामावर घेताना तिच्याकडून एक फॉर्म भरून घेतला. काही झालं तर घरी कोणाला कळवायचं, तो नंबर लिहायचा होता. तिने माझा लिहिला. मी म्हटलं, भावाचा द्यायचास, मला आता हे फोन झेपत नाहीत. ती म्हणाली, "राहते मी हितं, भावाचा कशाला देऊ?"

त्यामुळे इथं त्या नावाची कोणी नाही, हे वाक्य माझ्या तोंडून आता कायमचं गेलं. कुठला फोन तिच्याबद्दल असेल सांगता येत नाही. दुपारी पाठ टेकते, फोन वाजतो, उठते. बहुतेक वेळा दोनवालाच असतो. आजी, जेवलात का? जेवले, म्हणते मी. प्लॉटचं काय ठरलं? काही नाही ठरलं. ठेवते, आणि पुन्हा पडते.